पल्व्हरायझरचा पाइप सारखा चोक होतोय? हातोडा मारण्याआधी हवा तपासा

हळद, मिरची, बेसन, ज्वारीचं पीठ. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदानाची सोय झाल्यापासून गावागावांत बचत गटांनी आणि शेतकरी कंपन्यांनी पल्व्हरायझर बसवले. यंत्र आलं, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे महिनाभरात बहुतेक ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते : पाइप चोक होतो. मग कामगार हातोडा घेऊन पाइपवर ठोकत बसतो. ठोकून पीठ पुढे सरकतं, पण पत्र्याला आतून पोचे पडतात आणि पुढच्या वेळी पीठ नेमकं त्या पोच्यापाशीच अडतं.

या यंत्रात माल नेतं कोण? तर हवा. दळलेलं पीठ ब्लोअरच्या हवेबरोबर पाइपमधून सायक्लोनमध्ये, म्हणजे त्या निमुळत्या पत्र्याच्या शंकूत जातं. तिथे हवा गरगर फिरते, पीठ कडेला आपटून खाली उतरतं आणि हवा वरून कापडी पिशव्यांतून बाहेर पडते. रस्त्याच्या कामावर बल्करमधून सिमेंट पाइपने वर चढवतात, तेही हवेवरच. फक्त तिथे हवेचा दाब बराच जास्त असतो.

उफणणी केलेल्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. वारा बेताचा असला की भुसा उडतो आणि दाणा पायाशी पडतो. पाइपमध्ये काहीच पायाशी पडू द्यायचं नसतं. म्हणून पिठासाठी हवेचा वेग साधारण सेकंदाला 18 ते 20 मीटर लागतो, अख्ख्या दाण्यासाठी 20 ते 25. सेकंदाला 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर, हायवेवरच्या मोटारसायकलएवढा. आडव्या पाइपमध्ये वेग कमी पडला की पीठ तळाशी बसायला लागतं, थर वाढतो आणि एकदम बूच बसतं.

मोठा पाइप घातला, त्रास वाढला

चोक होतो म्हणून पाइप मोठा करायचा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. हिशेब सोपा आहे. 4 इंची पाइपमध्ये सेकंदाला 20 मीटर वेग हवा असेल, तर तासाला सुमारे 565 घनमीटर हवा लागते. ब्लोअर तोच ठेवून पाइप 6 इंची केला, तर आतली जागा सव्वादोन पट होते आणि वेग 9 मीटरच्याही खाली येतो. एवढ्या हवेत पीठ बसणारच.

बेंड हे दुसरं दुखणं. प्रत्येक वळणावर पीठ भिंतीला आपटतं, त्याचा वेग मोडतो आणि तो परत मिळवायला पुढे सरळ पाइप लागतो. जागा नाही म्हणून दोन बेंड लागोपाठ बसवले, की दुसऱ्यापाशी चोक ठरलेलाच. तिरका पाइपही टाळावा. त्यात पीठ खालच्या बाजूला घसरून मागे येतं. सरळ उभा आणि सरळ आडवा, एवढंच ठेवावं.

काल चालत होतं, आज नाही

बसवल्यापासून चोक होत असेल, तर दोष मापात आहे. पण महिनोन्‌महिने चाललेलं यंत्र अचानक अडायला लागलं, तर आधी ब्लोअर कुठल्या बाजूला फिरतोय ते बघावं. डीपीवर काम झालं, फेज बदलले, की थ्री फेज मोटर उलटी फिरते. गंमत अशी की ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने येते, फक्त खूप कमी येते. हात धरून पाहणाऱ्याला वाटतं, हवा तर आहे! म्हणून केसिंगवरच्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहावी.

त्यानंतर पट्टा ढिला आहे का आणि कापडी पिशव्या पिठाने बुजल्यात का, हे पाहावं. हवा बाहेर पडायला जागा नसेल, तर आतही वाहत नाही. अँपिअर मीटरही बोलतो. चालू असताना ब्लोअरचे अँपिअर घसरले म्हणजे मोटरवरचा भार हलका झाला असं समजून खूश होऊ नये. हवा अडली आहे किंवा पट्टा सटकतोय.

ब्लोअर सायक्लोनच्या पुढे बसवून माल ओढून घेणारी रचना असेल, तर गळती दिसत नाही. पीठ बाहेर उडत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते आणि मालाच्या तोंडाशी ओढ कमी पडते. जोडांजवळ कागदाची बारीक पट्टी धरावी. ती आत ओढली गेली की गळती सापडली. अगरबत्तीने तपासायची सवय पिठाच्या जागी अजिबात नको.

पावसाळ्यात आणखी एक भर. दळण गरम असतं, पत्रा गार असतो. आतून दव धरतं आणि पीठ चिकटून पापुद्रे होतात. यावर उपाय चालू-बंद करण्याच्या क्रमात आहे : आधी ब्लोअर, मग माल. बंद करताना आधी माल, आणि त्यानंतर ब्लोअर पाचेक मिनिटं मोकळा चालवायचा. वीज मध्येच गेली तर माल आतच बसतो, तेव्हा वीज आल्यावर लगेच माल सोडू नये.

ही धूळ पेटते

2008 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 जण दगावले. पहिल्या धक्क्याने जमिनीवर आणि यंत्रांवर साचलेली धूळ उडाली आणि तीच पेटत गेली. पीठ, बेसन, हळद यांचीही बारीक धूळ हवेत दाटली आणि ठिणगी मिळाली की अशीच पेटते. म्हणून तुळया आणि पत्र्यांवरचं पीठ रोज पुसून काढावं, हवेने उडवू नये. पाइप चोक झाला म्हणून वेल्डिंग किंवा गॅस कटर लावू नये. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप घालू नये, त्यात स्थिर वीज साचते. लोखंडी पाइपच्या जोडांत रबर असेल, तर दोन्ही बाजू तांब्याच्या तारेने जोडून अर्थिंग द्यावं. हॉपरवर लोहचुंबक हवाच, खिळा आत गेला की ठिणगी पडते.

सायक्लोनखालच्या फिरत्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं पीठ हाताने काढायचं असेल, तर आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावावं आणि चावी खिशात ठेवावी. पाती हळू फिरताना दिसतात, पण बोट सोडत नाहीत.

नवं यंत्र घेणाऱ्यांनी कोटेशनमध्ये मोटरच्या एचपीवर समाधान मानू नये. ब्लोअरची तासाची हवा, पाइपचा आतला व्यास, बेंडांची संख्या आणि पिशव्यांचं कापड किती, हे लिहून घ्यावं. चाचणीही विक्रेत्याच्या कोरड्या गव्हावर नको. मिरची दळायची असेल तर आपलीच मिरची न्यावी, आणि ती दोन-तीन तास सलग चालवून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.