मूर्खांची यादी आणि तिचा वाचक

माणसाच्या स्वभावातील विसंगती टिपण्याची आणि टिपताना गालातल्या गालात हसण्याची मराठी परंपरा शोधू लागल्यास अभ्यासक सहसा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखांपाशी, फार तर एकोणिसाव्या शतकातील निबंधकारांपाशी येऊन थांबतात. परंतु या परंपरेचा एक अस्सल नमुना त्याच्याही दोनशे वर्षे आधीच्या एका पारमार्थिक ग्रंथात दडलेला आहे. १६०८ मध्ये जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात वीस दशके असून प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे प्रकरणे, आहेत. त्यांपैकी दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. सुमारे सत्तर ओव्यांच्या या समासात बहुतेक प्रत्येक ओवी, म्हणजे साडेतीन चरणांचा तो सुटसुटीत मराठी छंद, एकेक माणूस उभा करते आणि शेवटच्या अपुऱ्या चरणात हा एक मूर्ख असा निकाल देऊन पुढच्याकडे वळते.

हे मूर्ख बुद्धीने कमी आहेत असे मात्र कोठेही म्हटलेले नाही. दोघे बोलत असताना तिसरा जाऊन तेथे बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवू लागतो. एकजण रस्त्याने खात खात चालतो. एकजण घरच्यांवर दात-ओठ खातो आणि उंबऱ्याबाहेर पडताच गरीब गाय होतो. कोणाला घरी सगळे सुचते, पण सभेत तोंड उघडताना शब्द फुटत नाही. कोणी भांडण जुंपलेले पाहून ते सोडवण्याऐवजी मजा बघत उभा राहतो. काम होईपर्यंत नम्रतेचा पुतळा असलेला माणूस समोरच्याचे काम निघाले की दिसेनासा होतो. यांतील काही गोष्टी नीतीच्या कक्षेत येतात, तर काही निव्वळ वागण्याबोलण्याच्या, आणि रामदासांनी त्यांची वर्गवारी न करता त्या एकाच पंगतीला बसवल्या आहेत. या सरमिसळीमागे एक निश्चित धारणा दिसते. आपण कोठे आहोत, समोर कोण आहे आणि वेळ कोणती आहे याचे भान, ज्याला अवधान म्हणतात, ते सुटणे हाच त्यांच्या लेखी मूर्खपणा होय, आणि म्हणून तो प्रायः चारचौघांतच उघडा पडतो. एकांतात मूर्ख ठरणे तसे अवघडच.

यादीत पुस्तकांशी संबंधित मूर्खही आहेत, आणि त्यांच्यावर ग्रंथकाराचा विशेष राग असावा असे वाटते. वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा आणि पुस्तकाची निगा न राखणारा, हा पहिला; दुसरा त्याहून बिलंदर, कारण तो स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही आणि ग्रंथ बासनात बांधून ठेवतो. छपाईपूर्व काळात ग्रंथाची प्रत हाताने उतरवली जात असे, प्रत्येक प्रतीमागे कोणाचे तरी महिने खर्ची पडत आणि एका वाचकाने गाळलेले अक्षर पुढच्या प्रतींतून कायमचे नाहीसे होऊ शकत असे, हे लक्षात घेतल्यास या रागाचे कारण उमगते. याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, आणि कडेला इतकी जागा सोडावी की कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागू नये, इतक्या बारकाईने तेथे सूचना केलेल्या आहेत. योगायोग असा की १४९४ मध्ये बाझेल येथे छापलेल्या सेबास्टियान ब्रांट यांच्या ‘मूर्खांचे जहाज’ या जर्मन काव्यातील पहिला मूर्खही न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगात बसलेलाच आहे. दोन्ही ग्रंथांचा परस्परांशी काही संबंध असण्याची शक्यता नाही. पुस्तक बाळगणे आणि पुस्तक वाचणे यांतील अंतर मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

अर्थात, यादी करणाराही आपल्या काळाबाहेर उभा नसतो. हीन मानलेल्या कुळाची चाकरी, खालच्या ठरवलेल्या जातींची संगत आणि बायकोच्या मुठीत असणे यांचीही गणना या समासात मूर्खपणात झाली आहे. आजचे संपादक आणि प्रवचनकार या ओव्या हलकेच ओलांडून जातात. परंतु माणसाच्या वेडेपणाची नोंद करणारी नजरही समाजाच्या आखलेल्या रेषांतूनच पाहत होती, हे त्या ओव्यांवाचून कळत नाही.

मूर्खलक्षणे ऐकणाऱ्याला प्रत्येक ओवीसरशी कोणी ना कोणी आठवते: शेजारी, मेहुणा, कचेरीतला सहकारी. स्वतः तेवढा आठवत नाही. रामदासांनी या श्रोत्याला नीट ओळखले होते, असे दुसऱ्या दशकाच्या रचनेवरून म्हणता येते. कारण मधल्या समासांत उत्तम लक्षणे, कुविद्या, तीन गुण, विरक्ती असा मोठा वळसा घेऊन दहावा समास पुन्हा मूर्खांकडे येतो, पण या खेपेस पढतमूर्खांकडे, म्हणजे शिकल्यासवरल्या, शहाण्या गणल्या जाणाऱ्या मूर्खांकडे. बहुश्रुत असून, ब्रह्मज्ञान अस्खलित सांगून, जो हाव आणि अभिमान सोडत नाही तो या वर्गात मोडतो. मान मिळाला की नसलेल्या गुणांची स्तुती आणि मान चुकला की लगेच निंदा करणाराही त्यातलाच. सर्वांत नेमका घाव बसतो तो दुसऱ्याला नावे ठेवताना तोच दोष आपल्यापाशी आहे हे ज्याला कळत नाही त्याच्यावर, आणि पहिल्या समासात खुशीने मान डोलावणारा श्रोता येथे अचूक सापडतो. पहिल्या समासातील मूर्खाला निदान चुकले तर कोणी सांगू तरी शकते; पढतमूर्खाला सांगायला जावे तर त्याच्याकडे आधार तयार असतात.

याच समासात ग्रंथ समूळ न पाहता त्याला उगाच दूषण देणाऱ्यालाही पढतमूर्ख म्हटले आहे. आपल्या टीकाकारांची अशी आगाऊ सोय लावून ठेवणारा ग्रंथकार विरळा म्हटला पाहिजे, कारण दासबोधावर आक्षेप घ्यायचा तर साडेसात हजारांहून अधिक ओव्या आधी वाचाव्या लागतात. स्तुती करणाऱ्यांना मात्र अशी अट स्पष्टपणे घातलेली नाही, आणि दासबोधाचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळांच्या ते पथ्यावर पडलेले दिसते.