जुन्या कॉन्टेसाचा रेडिएटर : तांबे-पितळ की ॲल्युमिनियम?

जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्याला केव्हा ना केव्हा एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. रेडिएटर गळू लागतो, घाटात तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि गॅरेजवाला सांगतो, ‘आता ॲल्युमिनियमचा टाका, स्वस्तात होईल.’ हा सल्ला कधी अगदी योग्य ठरतो, तर कधी इंजिनाच्या मुळावर येतो. कोणत्या परिस्थितीत काय घडते, हे समजून घेतले तर खिशालाही झळ बसत नाही आणि गाडीही वाचते.

अमेरिकेत मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे, ताकदवान इंजिन बसवून ‘मसल कार’ तयार करण्यात आल्या. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ ही त्या परंपरेची आरंभीची गाडी मानली जाते. आपल्याकडे हे बिरुद कॉन्टेसाला लाभले, ते मात्र ताकदीमुळे नव्हे, तर लांब बॉनेट आणि रुंद बांध्यामुळे. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स मालिकेवर आधारलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९८४ पासून २००२ पर्यंत बनवली. आरंभी तिच्यात १४८९ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे जुने ब्रिटिश इंजिन होते. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आले आणि त्यानंतर डिझेल. त्यामुळे ‘कॉन्टेसाचा रेडिएटर द्या’ एवढेच सांगून भागत नाही. नाव एकच असले तरी इंजिन वेगळे, आणि इंजिन वेगळे की उष्णताही वेगळी.

इथे पणाला लागलेली असते ती केवळ रेडिएटरची किंमत नव्हे. पाणी एकदा उकळून इंजिन अतितप्त झाले की हेड वाकते, गॅस्केट फुटते, कधी हेडला तडाही जातो. उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाडीसाठी असे भाग मिळवणे म्हणजे महिनोन्महिन्यांची पायपीट. रेडिएटरवर वाचवलेले पैसे अशा वेळी कितीतरी पटींनी मोजावे लागतात.

आधी दोष कोणाचा, ते पाहा

गाडी तापते म्हणजे रेडिएटर निकामी झाला, असा अर्थ होत नाही. गाडी केव्हा तापते, यावरून बरेच काही कळते. वाहतुकीच्या कोंडीत, गाडी उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच निवत असेल, तर हवा पुरेशी खेचली जात नाही. पंखा, पंख्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचे आवरण आधी तपासावे. उलट, मोकळ्या महामार्गावर वेगात तापत असेल तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा जाळी आतून क्षाराने भरली आहे. चोर्ला वा अनमोडसारखा घाट दोन्हींची परीक्षा घेतो, कारण तिथे इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वेग मात्र कमी.

थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि दाबाचे झाकण ही त्यापुढची तपासणी. झाकण ही क्षुल्लक वस्तू वाटते. पण निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि झाकणाने तेरा पौंडांचा दाब राखला तर तो उकळबिंदू सुमारे वीस अंशांनी वर जातो. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर रेडिएटर कितीही चांगला असो, पाणी बाहेर फेकले जाणारच. इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर दोष हेड गॅस्केटचा असू शकतो. तो नव्या रेडिएटरने जाणार नाही. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे, गरम असताना कदापि नाही.

बेगम बाजारातील तराजू

दोष रेडिएटरचाच ठरला की प्रश्न येतो धातूचा. ॲल्युमिनियम स्वस्त का, याचे उत्तर मोटारीच्या दुकानापेक्षा भांड्यांच्या बाजारात अधिक स्पष्ट मिळते. हैदराबादचा बेगम बाजार हा असाच बाजार. मुसी नदीच्या उत्तर तीरावर, निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर तो वसला, असे सांगितले जाते. किराणा, मसाले, सुका मेवा आणि तांब्या-पितळेची भांडी यांच्या घाऊक विक्रीसाठी तो प्रसिद्ध आहे. मोटारीच्या सुट्या भागांसाठी जाणकार इथे येत नाहीत, ते सिकंदराबादचे राणीगंज गाठतात. परंतु धातूची किंमत कशी ठरते, हे मात्र भांड्यांच्या तराजूवर दिसते.

तांब्याचे भांडे वजनावर विकले जाते. एक लिटर आकारमानाचे भरीव तांबे सुमारे नऊ किलो भरते. तेवढ्याच आकारमानाचे ॲल्युमिनियम जेमतेम दोन किलो सातशे ग्रॅम. अलीकडच्या वर्षांत तांब्याचा किलोचा भाव ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट राहिला आहे. म्हणजे वजन तिपटीहून अधिक आणि भावही तिपटीहून अधिक. सारख्याच आकारमानाच्या धातूसाठी तांब्याला दहापट किंवा त्याहूनही जास्त रक्कम मोजावी लागते. रेडिएटरच्या किमतीत मजुरी आणि भट्टीचा खर्च असतो, म्हणून प्रत्यक्षातील तफावत एवढी मोठी नसते. तथापि ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त असण्याचे मूळ कारण हेच. तो स्वस्त आहे म्हणजे तकलादू आहे, असे नव्हे. आणि चकाकतो म्हणजे उत्तम आहे, असेही नव्हे.

उष्णता कुठे अडते?

‘तांबे उष्णता अधिक वाहते, म्हणून तांब्याचाच रेडिएटर चांगला,’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमहून निश्चितच जास्त. ॲल्युमिनियमची तिच्या साधारण साठ टक्के भरते. पण जुना रेडिएटर निखळ तांब्याचा नसतो. त्याच्या जाळीतील पातळ पत्रे तांब्याचे, पाण्याच्या नळ्या पितळेच्या आणि सांधे शिसे व कथलाच्या झाळकामाचे. पितळेची वाहकता ॲल्युमिनियमच्या निम्म्याच्या आसपास आणि झाळकामाच्या मिश्रधातूची त्याहूनही कमी.

खरा अडथळा मात्र धातूत नसून हवेत आहे. पाण्याची उष्णता नळीपर्यंत सहज येते. ती पत्र्यावरून वाहत्या हवेत सोडणे हे कठीण काम. म्हणून हवेला भिडणारे क्षेत्रफळ आणि हवेचा प्रवाह या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. ॲल्युमिनियम हलके असल्याने त्याच्या नळ्या वजन फार न वाढवता रुंद आणि जाड ठेवता येतात. पितळी नळी बहुधा अर्धा इंच रुंद, तर ॲल्युमिनियमची एक इंच. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या दोन ओळी तांब्या-पितळेच्या चार ओळींच्या तोडीचे काम करू शकतात. दुकानात ‘चार ओळींचा आहे’ असे ऐकून भुलू नये. नळी किती रुंद आहे, ते विचारावे. शिवाय जाळी जितकी जाड, तितकी हवा अडते, आणि मागच्या ओळींना पुढे तापलेलीच हवा मिळते. जुन्या, मंद फिरणाऱ्या पंख्याला फार जाड जाळी झेपत नाही.

हवामानाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. पाणी ९० अंशांवर आणि पणजीची हवा ३३ अंशांवर असेल तर फरक ५७ अंशांचा. तीच गाडी मे महिन्यात हैदराबादला गेली आणि हवा ४२ अंशांवर असेल तर फरक ४८ अंशांचाच. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे सोळा टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. गोव्यात जेमतेम पुरणारा रेडिएटर घाट चढून दख्खनच्या पठारावर अपुरा पडतो, तो यामुळे. निवड करताना थोडी ताकद हाती राखूनच करावी.

खरेदीपूर्वी फूटपट्टी

स्वस्त रेडिएटर महाग पडतो तो बहुतेक वेळा मापे चुकल्यामुळे. जुना रेडिएटर काढून पुढील नोंदी कागदावर कराव्यात : जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, टाक्यांसह एकूण माप, वरच्या व खालच्या नळीची बाजू आणि बाहेरील व्यास, भरण्याचे तोंड कुठे आहे ते, बसवण्याच्या छिद्रांमधील अंतर, आणि पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंतची मोकळी जागा. बॉनेट बंद केल्यावर वर किती जागा उरते, तेही पाहावे. ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच मिटले की माप आपोआप मिळते.

यानंतर तीन मार्ग उरतात. पहिला, जुन्या पितळी टाक्या ठेवून मधली जाळी नवी बसवणे. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर हाच उत्तम, मात्र चांगला कारागीर हवा. दुसरा, मापाप्रमाणे बनवलेला, टाक्याही ॲल्युमिनियमच्याच असलेला वेल्डिंगचा रेडिएटर. तिसरा, दुसऱ्या एखाद्या गाडीचा, ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर जुळवून बसवणे. हा सर्वांत स्वस्त असतो. परंतु प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि टाकीचा सांधा रबरी गॅस्केटवर अवलंबून असतो. रोज वापरायच्या गाडीसाठी तो काही वर्षांची सोय म्हणून चालेल.

दुसरा मार्ग पत्करल्यास दुकानदाराकडे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. नळ्या टाकीच्या पट्टीला भट्टीत सांधलेल्या आहेत की चिकट द्रव्याने बुजवल्या आहेत, हे टाकीच्या तोंडातून विजेरीने पाहावे. चिकटवलेला सांधा टाळावा. रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून, झाकणाच्या दाबापेक्षा थोडा अधिक हवेचा दाब देऊन बुडबुडे येतात का, ते समोर दाखवून घ्यावे. आणि भरण्याच्या तोंडावर आपले झाकण घट्ट बसते का, हे तिथेच तपासावे. झाकणाचा दाब मूळ गाडीपेक्षा वाढवू नये. जुने होस पाइप आणि हीटर त्या दाबासाठी बनलेले नसतात.

पंख्याभोवतीचे आवरण नव्या रेडिएटरला बसत नाही म्हणून फेकून देणे ही तर हमखास घडणारी चूक. आवरणाविना पंखा जाळीच्या फक्त समोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो. कोपरे वाया जातात. नवा रेडिएटर घेऊनही गाडी तापते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते.

सोलकढीचा धडा

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोलकढी ठेवू नये, हे गोव्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. आंबट आणि खारट पदार्थ या धातूच्या वरच्या संरक्षक थराला खातात, भांडे काळवंडते, त्याला बारीक खड्डे पडतात. रेडिएटरचे नेमके तेच होते. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्यात मिठाचा अंश असतो. असे पाणी भरले तर नवी जाळी आतून छिद्रे पडून गळू लागते. म्हणून आयनविरहित वा ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक कूलंट यांचेच मिश्रण भरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून कूलंटची गरज नाही, हा समज घातक आहे. आपल्याला तो हवा असतो गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. गाडीतला हीटर अजून पितळी असेल तर दोन्ही धातूंना चालणारा कूलंट निवडावा.

दुसरा शत्रू विजेचा. जुन्या गाडीचे अर्थिंग कमकुवत असेल तर वीज पाण्यातून वाट शोधते आणि ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. साध्या व्होल्टमीटरची एक तार धातूला न लागता थंड कूलंटमध्ये बुडवावी, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. दिवे, पंखा, हॉर्न एकेक चालू करून पाहावे. आकडा ०.१ व्होल्टच्या वर जात असेल तर आधी इंजिन आणि बॉडी यांच्या अर्थिंगच्या तारा नव्या कराव्यात. रेडिएटर लोखंडी चौकटीत बसवताना मध्ये रबर ठेवावे आणि कोणतीही अर्थिंगची तार त्याला जोडू नये.

जुना रेडिएटर फुकट देऊ नका

अखेरची गोष्ट पुन्हा तराजूची. काढलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर बहुधा गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो आणि मग दिसेनासा होतो. त्याचे वजन करून घ्यावे. भंगारात त्याला जो भाव येतो, त्याने नव्याचा काही भार हलका होतो. परंतु टाक्या शाबूत असतील तर तो न विकणेच शहाणपणाचे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. १९८४ची कॉन्टेसा ती पन्नाशी २०३४ मध्ये गाठेल. तो नियम प्रामुख्याने चॅसी, बॉडी आणि इंजिनाविषयी बोलतो, रेडिएटरविषयी नव्हे. तरीही मूळ पितळी टाक्या हाताशी असल्या तर त्यांत नवी जाळी बसवून गाडीला तिचे मूळ रूप पुन्हा देता येईल. तोवर ॲल्युमिनियमने खुशाल घाट चढावेत, पाणी मात्र विहिरीचे नसावे.