नीराकाठची स्वप्ने आणि झुरिकचा अभ्यासक्रम

मानसोपचाराच्या बहुतेक शाखांत शिकणाऱ्याने दुसऱ्याच्या मनाचा अभ्यास करावा अशी अपेक्षा असते. कार्ल गुस्ताव युंग (1875–1961) यांच्या परंपरेत मात्र उमेदवाराला आधी स्वतःच रुग्णाच्या खुर्चीत बसावे लागते, आणि या एका अटीमुळे हे शिक्षण केवळ पुस्तकांतून किंवा वर्षभराच्या पदविकेतून मिळू शकत नाही. ही अट झुरिकच्या गटाने प्रथम लावून धरली, असे श्रेय खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी 1912 मध्ये दिले होते. पुढच्याच वर्षी फ्रॉइड आणि युंग यांचे संबंध तुटले. अट मात्र दोघांच्याही परंपरेत कायम राहिली.

युंग यांच्या नावाची संस्था झुरिकमध्ये 1948 साली सुरू झाली आणि 1979 मध्ये ती सरोवराकाठच्या क्युस्नाख्त या गावी गेली. विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संघटना 1955 ची, तर मूळ संस्थेतील मतभेदांतून झुरिकमध्ये दुसरी शिक्षणसंस्था निघाली ती 2004 मध्ये. पदव्युत्तर शिक्षण झालेला उमेदवार मुलाखतींनंतर निवडला जातो. पहिल्या टप्प्यात स्वप्नांचे मानसशास्त्र, मनोविकृती, मिथके व लोककथा, धर्मांचा तौलनिक अभ्यास अशा विषयांच्या परीक्षा होतात. दुसऱ्या टप्प्यात तो ज्येष्ठ विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहतो आणि अखेरीस प्रबंध लिहितो. या सगळ्या वर्षांत त्याचे स्वतःचे विश्लेषण चालूच असते आणि त्याचे तास शेकड्यांत मोजले जातात.

अभ्यासक्रमातील सर्वांत जुना भाग म्हणजे शब्दसाहचर्याचा प्रयोग. बुर्कहोल्त्स्ली या झुरिकच्या मनोरुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी युंग यांनी फ्रान्झ रिकलिन या सहकाऱ्यासह तो आकाराला आणला. शंभर शब्दांची यादी एकेक करून वाचायची, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, उत्तराला लागलेला वेळ घड्याळावर टिपायचा आणि नंतर तीच यादी पुन्हा वाचून आधीची उत्तरे आठवतात का ते पाहायचे, अशी ही पद्धत. जिथे उत्तर अडखळते किंवा दुसऱ्या वेळी बदलते, तिथे एखादा गंड, म्हणजे तीव्र भावनेभोवती साकळलेला आठवणींचा पुंजका, असावा असे मानले जाते. आता या यादीत ‘पाणी’ हा शब्द आहे असे धरावे. एकोणिसाव्या शतकात निघालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारा बारामतीचा बागायतदार, त्याच तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहिलेली स्त्री आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात पळसदेवचे जुने गावठाण गेलेला इंदापूरचा विस्थापित, हे तिघे या एका शब्दावर सारख्याच वेळात सारखेच उत्तर देतील असे मानणे कठीण आहे. एकाचे अडखळणे वैयक्तिक दुखण्याचे की साऱ्या गावाने सोसलेल्या गोष्टीचे, हे ठरवायला परीक्षकाला भूगोलही यावा लागतो. झुरिकच्या वर्गात तो शिकवला जाणार नाही.

हाच प्रश्न विस्तारणाच्या पद्धतीत अधिक टोकदार होतो. विस्तारण म्हणजे स्वप्नातील प्रतिमेला मिथके, विधी व कथा यांतील समांतर प्रतिमा जोडत तिचा अर्थ रुंदावत नेणे. तुकोबांची पालखी बारामती तालुक्यातील काटेवाडीत आली की तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण लागते. स्वप्नात असे वर्तुळ दिसले की उतावळा अभ्यासक लगेच मंडलाकडे वळेल, कारण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युंग स्वतः रोज वर्तुळाकृती चित्रे काढत आणि मंडल हे मनाच्या समग्रतेचे चिन्ह मानत. पण स्वप्न पाहणाऱ्याचे आजोबा त्या रिंगणात मेंढरे घेऊन धावले होते का, हे आधी विचारायला हवे. स्वप्न पाहणाऱ्याची साहचर्ये प्रथम, हा युंगीय शिस्तीचाच नियम आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील जेजुरीच्या खंडोबाला वाण्यांची म्हाळसा आणि धनगरांची बाणाई अशा दोन बायका आहेत. त्यांत पुरुषाच्या नेणिवेतील स्त्रीरूपाची दोन अंगे पाहता येतील, पण गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवरील 1976 च्या जर्मन ग्रंथात वस्ती आणि रान, वाणी आणि मेंढपाळ यांच्या नात्यांचा जो इतिहास उलगडला आहे, तो बाजूला सारून काढलेला आदिबंध, म्हणजे सर्व माणसांत समान मानलेले मनाचे मूळ रूप, पोकळच ठरेल.

युंग स्वतः भारतात आले ते 1937 च्या अखेरीस, विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांशामुळे त्यांना रुग्णालयातही राहावे लागले. त्या प्रवासात त्यांना पडलेले मोठे स्वप्न मात्र भारताचे नव्हते, तर ग्रेलचे होते, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातील मानल्या गेलेल्या चषकाचे. आपले काम युरोपातच आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आपल्याच मातीत काम करण्याचा जो न्याय त्यांनी स्वतःला लावला, तो बारामतीच्या उमेदवारालाही लागू व्हावा.

जिथे मान्यताप्राप्त विश्लेषकांची संस्था नाही, तिथल्या उमेदवारांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने वैयक्तिक मार्ग ठेवला आहे: परदेशी विश्लेषक ठरावीक काळ येऊन जातात किंवा उमेदवार त्यांच्याकडे जातो आणि परीक्षा संघटना घेते. मार्ग खुला असला तरी खर्च मोठा, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे स्वप्न मराठीत पडते पण सांगावे लागते इंग्रजीत. शिवाय ही पदविका मिळाली म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नाव लागत नाही. त्यासाठीचे शिक्षण वेगळे आहे.

दुःख ऐकून घेण्याच्या इथल्या रीतीही या शिक्षणाच्या चौकटीत सहज बसत नाहीत. नीरेपलीकडच्या फलटणला महानुभाव मंदिरात उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास व्हिएदा स्कुल्तान्स यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे रुग्णासोबत घरातली माणसे मुक्काम करीत आणि घरच्याचे दुखणे आपल्यावर घेऊ पाहणाऱ्या स्त्रियांच्या अंगात येई. बंद खोलीत दोनच माणसांनी बोलण्याची युंगीय चौकट या अनुभवापुढे अपुरी पडते, आणि त्या मुक्कामात स्त्रियांच्या वाट्याला येणारा भार पाहता मंदिराची चौकटही आदर्श ठरत नाही.

झुरिकला जाणारा एखादाच असेल. पण शंभर मराठी शब्दांची यादी तयार करून कालव्याकाठच्या, जिरायती आणि धरणग्रस्त गावांत, लोकांच्या संमतीने व त्यांची नावे गुप्त ठेवून हा प्रयोग करून पाहण्यासाठी कोणत्याही परदेशी पदविकेची गरज नाही. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या अध्यापकांनी हे काम हाती घ्यावे.