हजेरी घेणारा नसेल तर

हॉटेलच्या २०० खोल्यांत एकाच वेळी तोच क्रिकेट सामना लागला आहे. एचडी वाहिनीला साधारण ८ एमबीपीएस लागतात असं धरलं, तर प्रत्येक खोलीसाठी वेगळी प्रत म्हणजे १.६ जीबीपीएस झाले, तेही एका सामन्यापायी. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी ऐंशीच्या दशकात यावर तोडगा मांडला, तो म्हणजे मल्टिकास्ट. पाठवणाऱ्याने एकच प्रत गटाच्या पत्त्यावर सोडायची आणि ज्याला हवी त्याने गटात नाव घालायचं. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते त्यासाठी राखीव आहेत. नाव घालण्याच्या पद्धतीला आयजीएमपी म्हणतात आणि तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट १९८९च्या आरएफसी १११२मध्ये आहे.

टीव्हीइतकीच ही गोष्ट मुंबईच्या शेअर बाजारालाही लागू पडते. राष्ट्रीय शेअर बाजाराचा टिक-बाय-टिक डेटा, म्हणजे बाजारातल्या प्रत्येक हालचालीची माहिती, पूर्वी टीसीपीवरून ब्रोकरांना एकामागून एक जात असे. आधी जोडला गेलेल्याला आधी मिळण्याची ही सोय सेबीच्या २०१९च्या आदेशात कळीचा मुद्दा ठरली. २०१४मध्ये हा डेटा मल्टिकास्टवर आला होता.

पण गटाची नोंदणी यंत्र आणि राउटर यांच्यात ठरली. मधल्या स्विचचा त्यात विचारच नव्हता. आलेल्या फ्रेमवर पाठवणाऱ्याचा जो मॅक पत्ता असतो, त्यावरून कोण कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच शिकतो. गटाचा पत्ता पाठवणारा म्हणून कधीच येत नाही, त्यामुळे स्विचच्या तक्त्यात तो आपोआप कधी भरला जात नाही. मग गटाची फ्रेम व्हीलॅनच्या, म्हणजे स्विचवर आखलेल्या त्या आभासी जाळ्याच्या, सगळ्या पोर्टांवर जाते. दहा वाहिन्या चालू असतील तर १०० एमबीपीएसच्या पोर्टवरच्या प्रिंटरकडेही ८० एमबीपीएसचा लोंढा जातो.

म्हणून आयजीएमपी स्नूपिंग आलं. आयपीच्या थराशी स्विचला एरवी देणंघेणं नसतं, पण इथे तो त्या थरात डोकावतो. बाराव्या पोर्टवरच्या सेट-टॉप बॉक्सने २३९.१.१.५ मागितला की तेवढ्याच पोर्टची नोंद करतो. ही मागणी तो फक्त राउटरच्या दिशेने पुढे पाठवतो, इतर यंत्रांना ऐकू देत नाही. यातली खुबी मला फार आवडते. आयजीएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत दुसऱ्याने तोच गट मागितलेला ऐकला की यंत्र स्वतः गप्प बसतं. आणि गप्प बसलेल्याची नोंद स्विच ठेवणार कशी?

एक सापळा पत्त्यांचाही आहे. गटाच्या पत्त्यातले २८ बिट वेगवेगळे असू शकतात, पण मॅक पत्त्यात त्यांतले २३च उतरतात. त्यामुळे ३२ गटांचा मॅक पत्ता एकच येतो. २३९.१२८.०.५ आणि २२४.०.०.५ हे असेच एका पत्त्याचे. २२४.०.०ने सुरू होणारे पत्ते सगळीकडे सोडायचे असतात, म्हणून फक्त मॅक पाहणारा स्विच पहिल्यालाही सगळीकडे सोडून देतो. गट निवडताना असे पत्ते टाळावेत.

खरा घात होतो तो क्वेरिअर नसल्यामुळे. क्वेरिअर म्हणजे हजेरी घेणारा: दर १२५ सेकंदांनी तो ‘कोणाला काय हवंय’ विचारतो आणि यंत्रं १० सेकंदांत उत्तर देतात. दोन फेऱ्या आणि वरचे १० सेकंद, म्हणजे २६० सेकंद उत्तर आलं नाही तर नोंद पुसली जाते. एरवी हे काम राउटर करतो. पण कॅमेऱ्यांच्या किंवा टीव्हीच्या बंदिस्त व्हीलॅनमध्ये बऱ्याचदा मल्टिकास्ट राउटर नसतोच. वाहिनी लावली की चित्र येतं, तंत्रज्ञ सामान आवरून निघतो आणि चार मिनिटं वीस सेकंदांच्या सुमारास चित्र गोठतं. वाहिनी बदलून परत आलं की पुन्हा चालू, पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद. मग केबल बदलल्या जातात, बॉक्स बदलले जातात, शेवटी कोणीतरी स्नूपिंगच बंद करतं. चित्र टिकतं, पण लोंढा पुन्हा सगळ्या पोर्टांवर.

स्नूपिंग चालूच ठेवावं आणि त्या व्हीलॅनमधल्या एका स्विचला आयपी पत्ता देऊन त्यावर क्वेरिअर सुरू करावा. दोन असले तरी बिघडत नाही. लहान आयपी पत्त्याचा काम सांभाळतो आणि दुसरा थांबून राहतो. काम झाल्यावर निदान पाच मिनिटं तीच वाहिनी न बदलता पाहावी, त्याआधी निघू नये.