लुंबिनीहून घरी येताना

आपल्या कर्जत-खालापूर भागातल्या बौद्धवाड्यांतून धम्मयात्रेला जायचे ठरले की महिना-दोन महिने आधी तयारी सुरू होते. पांढरे कपडे धुऊन इस्त्री होतात, महिला मंडळ चिवडा-लाडू करते, विहारात नावांची यादी वाचली जाते. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनी. सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभापाशी हात जोडले की यात्रा पूर्ण झाली, असे आपण धरतो. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर यात्रेतला सगळ्यात अवघड भाग तिथून पुढे सुरू होतो, आणि त्याची तयारी कोणी केलेली नसते.

हिशेब मांडून पाहू. लुंबिनीहून सोनौलीची सीमा पंचवीस-तीस किलोमीटर. तिथून गोरखपूर सुमारे १०० किलोमीटर. सीमेवरची गर्दी धरली तर अर्धा दिवस गेलाच. गोरखपूरहून मुंबईकडे येणारी गाडी वेळेवर असली तरी कल्याणला पोचायला तीस तासांच्या आसपास घेते. कल्याणहून कर्जत ४६ किलोमीटर, खोपोलीला जायचे तर आणखी १५. फलाटावर वाट पाहण्याचे तास मिळवले की लुंबिनीतली खोली सोडल्यापासून घराचा उंबरठा दिसेपर्यंत दोन दिवस जातात. मुंबईहून लंडनला विमान नऊ-दहा तासांत पोचते.

नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेश वाटत नाही. पण आहे तो परदेशच. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते. आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय गप्प होते. १०८ ची गाडी तिथे येत नाही, तिथे रुग्णवाहिकेचा नंबर १०२ आहे. सीमेच्या अलीकडे आलात की १०८, आणि रेल्वेत असाल तर १३९. हे तीन नंबर मोबाइलमध्ये नकोत, कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइलची बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपलेली असते.

परतीला निघताना शरीर आधीच दहा दिवसांचे थकलेले असते. रोज पहाटे उठणे, नव्या गावचे पाणी, धर्मशाळेतली अर्धी झोप. पैसे संपत आलेले असतात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांचे जेवण बिस्किटांवर भागते. आणि गोळ्याही संपत आलेल्या असतात. दहा दिवसांची यात्रा म्हणून मोजून दहा दिवसांच्या गोळ्या घेणारे आम्ही कितीतरी पाहिले. मग गाडी बारा तास उशिरा सुटते. बीपीची, शुगरची, फिटची, दम्याची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा किमान पाच दिवस जास्तीची घ्या, आणि ती एकाच बॅगेत ठेवू नका. निम्मी स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत, निम्मी घरच्या दुसऱ्या माणसाकडे.

आता पाण्याबद्दल. हा विषय आमच्या बहिणी, आया आणि आज्यांचा आहे, आणि त्या तो बोलत नाहीत. गाडीतला संडास घाण, दाराला कडी नाही, वाटेत माणसे झोपलेली. बसने आलात तर ढाब्यावर आडोसा नाही. यावर बायकांनी काढलेला उपाय म्हणजे पाणीच प्यायचे नाही. गोरखपूर ते कल्याण दोन ग्लासांवर काढलेल्या मावशा आम्हाला माहीत आहेत, आणि त्या हे कौतुकाने सांगतात. पण शरीर त्याची किंमत घेते. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप हे घरी आल्यावर दोन दिवसांत सुरू होते आणि ‘प्रवासाचा ताप’ म्हणून अंगावर काढले जाते. लघवी तुंबवली आणि पाणी कमी पडले की जंतूंना वाढायला जागा मिळते. ताप आणि पाठीत कमरेच्या वर दुखणे असेल तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मग काढ्यावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उपाय व्यवस्थेचा आहे. एकट्या बाईने धीर धरून तो होत नाही. डब्यात दोघी-तिघींनी मिळून जावे, एकीने दाराशी उभे राहावे. पहाटे आणि मोठ्या स्टेशनवर सफाई झाल्यावर संडास त्यातल्या त्यात बरा असतो. बस असेल तर आयोजकांनी निघण्याआधीच चालकाला सांगावे की दर अडीच-तीन तासांनी पेट्रोल पंपावर थांबायचे, आणि बायका उतरून परत येईपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही. पाणी एकदम बाटलीभर पिऊ नका, दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटे आशाताईंकडून आधीच मागून न्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको.

दुसरी गोष्ट पायांची, आणि ही नीट वाचा. घरी आल्यावर दोन्ही घोटे सुजलेले दिसतात, चप्पल घट्ट होते. तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्याने हे होते. पाय उशीवर ठेवून झोपा, चाला-फिरा, एक-दोन दिवसांत उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, हाताला गरम लागते, तर ती सूज वेगळी. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती तुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते, आणि माणूस दगावू शकतो. हा विमानातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असा समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसले की चार तासांहून अधिक एका जागी बसून केलेल्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, रेल्वे, बस की मोटार. निरोगी माणसात तो तसा लहानच आहे, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. पण गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई, संततिनियमनाच्या गोळ्या घेणारी, नुकतेच मोठे ऑपरेशन झालेला, कॅन्सरचा रुग्ण, फार लठ्ठ माणूस, आधी एकदा गुठळी झालेला, यांना तो जास्त असतो. अशांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे या दुखण्यावर पहिला इलाज होतो तो तेल लावून रगडण्याचा. सून सासूचे पाय चेपते, नातू आजीच्या पाठीमागे लागून पाय दाबून देतो. दोन्ही पाय सारखे थकले असतील तर खुशाल दाबा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हात लावू नका, मालीश नको, शेक नको. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि ‘दोन दिवस गाडीत बसून आलोय’ हे सांगा. धाप लागली असेल तर १०८ ला फोन. ही लक्षणे उतरल्या दिवशीच दिसतील असे नाही, काही आठवड्यांनीही दिसतात.

पुस्तकात लिहिलेले असते की तासाला एकदा उठून फेरी मारा. जनरल डब्यात दोन बाकांमध्ये गोणी घेऊन बसलेल्याला हे सांगणे म्हणजे थट्टाच. त्याने बसल्या जागी करायचे ते असे: टाचा टेकवून चवडे वर उचला, मग चवडे टेकवून टाचा वर, वीस-तीस वेळा, दर तासाला. पोटरी आवळली की शिरेतले रक्त वर ढकलले जाते, एवढेच त्यामागचे कारण. सामान पायांखाली कोंबू नका, पाय हलायला जागा ठेवा. आणि खरे सांगायचे तर परतीचे आरक्षण जातानाच्या आरक्षणाबरोबर ठरवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रवासाच्या ६० दिवस आधी मिळू लागते. जातानाचे तिकीट पक्के करून परतीचे ‘तिकडे बघू’ म्हणणाऱ्या यात्रा आम्ही दरवर्षी पाहतो. साठीच्या पुढचे पुरुष, पंचेचाळीसच्या पुढच्या आणि गरोदर बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. फॉर्म भरताना वय बरोबर लिहा.

शुगर असणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हा त्यांना मधुमेह होता, पायांचे जुने दुखणे होते, आधाराशिवाय चालणे कठीण होते. परतताना वाराणसी, सारनाथ, कुशीनगर असे करत ते ३० नोव्हेंबरला दिल्लीत आले. घरी येऊनही काम थांबले नाही. ५ डिसेंबरच्या रात्री ते ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुंतले होते. ६ डिसेंबरला काय झाले ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. ते प्रवासामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की त्यांच्या सोबतीला माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर होत्या, तरी तो प्रवास त्या शरीराला जड गेला असणार. आपल्या यात्रेत तर साठीतला शुगरचा माणूस गोळ्यांची अर्धी पट्टी घेऊन एकटा निघतो.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि गाडीत वेळेवर खाणे मिळाले नाही तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, असंबद्ध बोलणे, कधी चिडचिड. शेजारच्याला वाटते माणूस थकला. त्याला लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ द्या, मग काहीतरी पोटभर खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १३९ ला फोन करा. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, बर्फात नको. आणि घरी आल्यावर तळपाय बघा. स्तूपांच्या, विहारांच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून आलेले फोड शुगरच्या माणसाला दुखत नाहीत, जखम झाली तरच दिसतात.

बसने परतणाऱ्यांना चालकाबद्दल एक सांगायचे आहे. जाताना आपण मुक्काम करत जातो. येताना सगळी बस म्हणते, ‘भाऊ, थांबू नका, आता घरीच.’ तो भाऊही आपल्यासारखाच दहा दिवस नीट झोपलेला नसतो. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्ये केलेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. एवढ्या लांबच्या वाटेवर दोन चालक नसतील तर रात्रीचा मुक्काम घ्यावाच लागेल. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान बस चालती ठेवू नका. मुक्कामाचे पैसे सुरुवातीच्या वर्गणीतच धरा, शेवटी कोणाच्या खिशात उरत नाहीत.

हंगामाचे थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात धुके असते, गाड्या तासन्‌तास रखडतात. कानटोपी आणि घोंगडी खांद्यावरच्या पिशवीत असू द्या, बाकाखालच्या पेटीत नको. बुद्धपौर्णिमेला गेलात तर परत येताना इटारसी-भुसावळच्या पट्ट्यात डबा भट्टी होतो. म्हाताऱ्या माणसाचे अंग तापून घाम यायचा थांबला, बोलणे भरकटले तर तो उष्माघात. मान, काखा, जांघांवर ओली फडकी ठेवत राहा आणि पुढच्या स्टेशनवर डॉक्टर मागवा.

मग कल्याण येते. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. पुलावरून सामान चढवायचे, गर्दीची लोकल पकडायची, खोपोलीकडच्यांनी कर्जतला उतरून पुन्हा थांबायचे, चौक-मोहोपाड्याकडच्यांनी कुर्ल्यावरून पनवेल गाठून पुढची गाडी शोधायची. पडणे, मुरगळणे, सामान हरवणे इथेच जास्त होते. वाडीतल्या दोन तरुण पोरांना कल्याणला बोलावून घ्या. जाताना निरोप द्यायला सगळी वाडी स्टेशनवर येते, येताना कोणी नसते. हे उलट हवे.

आणि दुसऱ्या दिवशी काय? आपल्यातले बरेच जण खोपोलीच्या कंपन्यांत ठेक्यावर, फार्महाउसवर, नाक्यावर किंवा बदलापूर-कल्याणला घरकामाला आहेत. खाडा म्हणजे मजुरी गेली. म्हणून रात्री अकराला घरी आलेला माणूस पहाटे पाचची लोकल धरतो आणि झोपेच्या गुंगीत मशिनवर उभा राहतो. बाईचे तर त्याआधीच सुरू होते. बारा दिवसांचे कपडे, भरायचे पाणी, घासायची भांडी. पुरुष आडवे होतात आणि तिचा परतीचा प्रवास मोरीपाशी संपतो. सुट्टी वाढत नसेल तर यात्रा एक दिवसाने लहान करा, खरेदीचा दिवस कापा, पण घरी आल्यावरचा एक दिवस कार्यक्रमपत्रिकेत छापा. त्या दिवशी पाणी कोण भरणार, हेही निघण्याआधी घरात ठरू द्या.

राहिला ताप. बिहार, गोरखपूर आणि नेपाळची तराई हा डासांचा आणि वाळूमाशीचा मुलूख आहे. मलेरिया, मेंदूज्वर, काळा आजार तिथे आढळतात. परतल्यावर ताप आला की आपल्याकडचे डॉक्टर साहजिकच इथल्या तापांचा विचार आधी करतात, आणि काळा आजार आपल्या रायगडात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा ताप, भूक जाणे, वजन घटणे, पोटाच्या डाव्या बाजूला फुगीरपणा असेल तर त्याची तपासणी मागा. काही महिने गेले असले तरी. केसपेपर काढतानाच सांगा की आम्ही बिहार-नेपाळला जाऊन आलो, अमुक तारखेला परतलो. तारीख आठवत नसेल तर रेल्वेचे तिकीट जपून ठेवा, त्यावर ती असते.