छिद्र बारीक आहे म्हणून थांबायचं?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात ज्येष्ठांच्या गप्पांत डोळ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "पडद्याला बारीकसं छिद्र आहे म्हणे, बुजेल आपोआप." हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण या भरवशावर माणसं सहा-सहा महिने घालवतात.

बारीक म्हणजे किती? 2013 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 250 मायक्रॉनपर्यंतचं छिद्र लहान धरतात. म्हणजे पाव मिलिमीटर. पण ते पडतं मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या केंद्रभागाच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो. उतारवयात डोळ्यातली जेली आकसते आणि पडद्यापासून सुटताना हा भाग ओढते; बहुतेक छिद्रं या ओढीनेच पडतात. साठीनंतरच्या बायकांत हे जास्त दिसतं. दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून लवकर कळतही नाही. चौकातल्या दुकानाची पाटी एकेक डोळा झाकून वाचा. मधलं अक्षर गायब किंवा ओळ वाकडी दिसली, तर तपासणी लांबवू नका.

आपोआप बुजण्यात तथ्य आहे, पण थोडं. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड गास यांनी 1988 मध्ये या आजाराचे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात आरपार छिद्र नसतं आणि सुमारे निम्मे डोळे आपसूक सावरतात. चेंडू लागून तरुणांच्या डोळ्यात पडलेली छिद्रंही पुष्कळदा बुजतात. उतारवयातलं आरपार छिद्र मात्र क्वचितच. थांबायचं की नाही हे डॉक्टर ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, पुन्हा पुन्हा पाहून ठरवतात. घरी बसून कसं ठरवणार? तोवर छिद्र मोठं आणि जुनं होतं, आणि नजर परतण्याची आशा घटते.

1991 पर्यंत यावर इलाज नाही असंच मानत. त्या वर्षी डॉ. केली आणि डॉ. वेंडेल यांनी 52 डोळ्यांच्या शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. 58 टक्के छिद्रं बुजली होती. आज लहान छिद्रांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे. जेली काढतात, पडद्यावरचं अतिपातळ आवरण सोलतात आणि गॅसचा बुडबुडा भरतात. कडा जवळ येतात. नजर सुधारायला मात्र महिने लागतात.

चष्म्याचा नंबर बदलून छिद्र बुजत नाही. मध, गुलाबपाणी पडद्यापर्यंत पोचतच नाही. लेझर कडेच्या छिद्रांसाठी. मॅक्युलाच्या मधोमध मारला तर नजरच जळेल. ऑपरेशननंतर महिनाभर पालथं झोपावं लागतं, हेही खरं नाही. सहसा काही दिवस पुरतात, लहान छिद्रांत कधी तेही लागत नाही.

गॅसबद्दलचा निष्काळजीपणा मात्र महागात पडतो. गॅस दोन ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. उंचीवर तो फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. मुंबईत ऑपरेशन झालं असेल तर चिकलठाण्याचं विमान अजिबात नको. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तेव्हा घाट चढून गाडीने परतण्याआधीही डॉक्टरांना विचारा. या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूलतज्ज्ञांना डोळ्यात गॅस असल्याचं आधी सांगा, कारण भुलीच्या नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.