वाढत्या वयातले वजन : काट्यावरचा आकडा आणि मुलाचे मन

पाचवी-सहावीतले एखादे मूल वर्षभरात अंगाने सुटू लागते. घरी त्याचा भात बंद होतो, वर्गात त्याला ‘ढब्बू’ हे नाव पडते. अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत आई-वडील पाळीवर गेले, की मूल घरात मोबाइलपुढे आणि वेफर्सच्या पुडीसोबत उरते. दोष मात्र त्याच्याच ‘खादाडपणा’ला दिला जातो. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? त्यासाठी आधी वाढीचे शास्त्र पाहू.

आकडा कसा वाचावा?

वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले, की शरीर-वस्तुमान निर्देशांक मिळतो. बेल्जियमचे गणिती केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गुणोत्तर सुचवले. प्रौढांसाठी त्याची मर्यादा ठरलेली असते, मुलांसाठी मात्र नाही. हा निर्देशांक साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. वयात येताना उंची झपाट्याने वाढण्यापूर्वी काही मुले भरतात, हेही स्वाभाविक आहे. म्हणून मुलाचा निर्देशांक वय आणि लिंग यांनुसार तक्त्यावरच वाचावा. ‘इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स’ने 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते 2015 मध्ये प्रसिद्ध केले आहेत.

आता एक उदाहरण सोडवू. दहा वर्षांच्या मुलाची उंची 140 सेंमी व वजन 42 किलो आहे. निर्देशांक 42 ÷ 1.96, म्हणजे 21.4 येतो. या वयाला तो जास्त आहे. दोन वर्षांत उंची 152 सेंमी झाली आणि वजन दोनच किलोंनी वाढले, तर निर्देशांक 44 ÷ 2.31, म्हणजे 19 होतो. मुलाने एक किलोही घटवलेला नाही. उंचीनेच काम केले. वाढत्या वयात बहुधा वजन उतरवायचे नसते, त्याच्या वाढीचा वेग मंदावायचा असतो. उपासमारीने मात्र उंचीच्या वाढीलाच धोका पोहोचतो.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोंची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळे स्नायूंत कमी भरली. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हा याचा अर्थ. म्हणजे वर्गातल्या सडपातळ मुलालाही खेळाची आणि चौरस आहाराची तितकीच गरज आहे. मग एकट्या जाड मुलाला वेगळे काढण्याचे कारणच उरत नाही.

टोचून बोलण्याने काय होते?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात किशोरवयीन मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वजन घटवण्यासाठी ‘डाएट’ करणाऱ्या मुलांत पुढे जादा वजनाचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळला. चेष्टेला भ्यालेले मूल मैदान टाळते आणि चोरून खाते, हे शिक्षकांच्याही पाहण्यातले असेल.

शाळेत करण्याजोगे

- वजन एकेकाला आडोशाला घेऊन करावे. आकडा मोठ्याने वाचू नये.
- खेळाचा तास गणिताला देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. बाद होऊन बसावे लागणार नाही असे खेळ निवडावेत.
- डब्यात भाजी-पोळी, उसळ, फळ हा नियम सर्वांसाठीच ठेवावा.
- पालकांना सांगावे : घरात जे बदलायचे ते सगळ्यांसाठी. या वयाला रोज नऊ तासांहून कमी झोप पुरत नाही.
- निबंध, चित्र, गाणे यांतली त्या मुलाची हुशारी नावाने घ्यावी. शरीरावर बोलू नये.

मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासू नये. इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची ती खूण असू शकते. तसेच उंची थांबून वजन वाढत असेल किंवा मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ही सूचना मात्र पालकांना बाजूला घेऊनच द्यावी.